नाव्ह्याचा वेढा आणि नोवसाजी नाईक

परभणी जिल्ह्याचा इतिहास हा बव्हंशी सरहद्दीचा इतिहास आहे, ही गोष्ट गोदावरीकाठच्या काळ्याभोर, सपाट, ज्वारी-कापसाच्या जमिनीकडे पाहणाराच्या सहसा ध्यानात येत नाही. कारण अशी संथ आणि सुपीक भूमी ही कोणत्यातरी राज्याच्या मध्यभागी सुखाने नांदत आली असली पाहिजे, असेच कोणासही वाटावे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बहमनी राज्याची शकले झाल्यावर अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही यांच्यामध्ये जो पहिला मोठा कलह माजला, तो या जिल्ह्यातल्या पाथरीवरूनच. निजामशाहीच्या मूळ पुरुषाचे पूर्वज हे पाथरीचे ब्राह्मण. तेव्हा वाडवडिलांचे गाव आपल्या अमलाखाली असावे अशी बुऱ्हाण निजामशहाने मागणी केली, इमादशहाने ती फेटाळली, आणि 1518 साली निजामशाही फौजांनी पाथरी बळकावली. पुढे मोगलांच्या अमलात पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार झाले, निजामाच्या अमलात सारा मुलूख हैदराबादकडे गेला, आणि मराठ्यांचे चौथाईचे अंमलदार व निजामाचे तालुकदार एकाच गावातून एकाच हंगामात आपापला वसूल नेऊ लागले. असे दुहेरी धनी ज्या रयतेच्या नशिबी आले, तिला राजा कोण या प्रश्नापेक्षा आपल्या वेशीचे रक्षण कोण करतो हा प्रश्न अधिक निकडीचा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

या सरहद्दीचा खरा कणा मात्र गोदावरीकाठी नाही. जिंतूरच्या उत्तरेस व पूर्वेस ज्या डोंगररांगा सुरू होतात, त्या हिंगोली-कळमनुरीच्या बाजूने पैनगंगेच्या खोऱ्याकडे उतरत जातात; आणि हिंगोली व कळमनुरी हे तालुके 1 मे 1999 रोजी स्वतंत्र हिंगोली जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्याचेच अंग होते, हे वाचकांनी येथे ध्यानात ठेवावे. पैनगंगेच्या अलीकडे हिंगोली, पलीकडे वाशीम आणि पुसद, पूर्वेस उमरखेड व हदगाव, असा हा टापू. सागाचे आणि धावड्याचे जंगल, मधून मधून खडकाळ माळ, पावसाळ्यात अडणारे नाले, आणि एका दमात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाता येईल इतकी जवळ असलेली हद्द. शांततेच्या काळी मेंढरे चारण्यास आणि धामधुमीच्या काळी फौजांना चकवण्यास इतका सोयीचा मुलूख दुसरा मिळाला नसता.

या मुलखाचे धनी म्हणजे हटकर. अबुल फजलने आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना वाशीमच्या बाजूच्या या लोकांची नोंद घेतली आहे. ते मानी व सहजी न नमणारे असून एक हजार स्वार व पाच हजार पायदळ बाळगून आहेत, असा त्या नोंदीचा आशय. बादशाही दप्तरात एखाद्या जमातीच्या शिबंदीचा आकडा लिहिला जातो तो तिच्या कौतुकासाठी नव्हे, तर तिच्याशी व्यवहार करताना अंमलदाराने सावध असावे म्हणून. आणि म्हणूनच त्या दोन आकड्यांना इतिहासात मोल आहे. पुढे सुमारे तीनशे वर्षांनी, 1870 साली, लायल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने वऱ्हाडचे गॅझेटियर सिद्ध केले, त्यातही या लोकांविषयी बराच मजकूर आला आहे. हे मूळचे भालाईत धनगर, बारगी धनगर. त्यांची बारा कुळे उत्तरेकडून आली आणि त्यांनी हिंगोली-वाशीमचा मुलूख गोंडांपासून घेतला, अशी परंपरा त्यात नमूद आहे, आणि हिंगोलीच्या आसपासच्या प्रदेशास त्यावरूनच बारा हट्टीचा मुलूख म्हणत, असेही सांगितले आहे. त्यांच्या अंत्यविधीची जी रीत तेथे दिली आहे, ती तर एखाद्या वीरकाव्यात शोभावी अशी आहे. रणात किंवा शिकारीत पडलेल्या हटकराला अग्नी दिला जाई; जो घरात, अंथरुणावर, रोगाने मरे त्याला मांडी घालून बसवून, तोंडात सोन्याचा कण ठेवून पुरले जाई. ज्या समाजाने मरणाचेही असे दोन दर्जे मानले, त्याच्या पोटी जन्मलेल्या पोराला कोणते मरण हवेसे वाटत असेल, हे वेगळे सांगावयास नको.

या हटकरांच्या पुढाऱ्यांना नाईक म्हणत. नाईकाचे अधिकार कागदावर फारसे नसत, पण भुईवर पुष्कळ असत. घाटातून जाणाऱ्या तांड्यांची, व्यापाऱ्यांच्या बैलांची आणि पायथ्याच्या गावांची रखवाली करावी व त्याबद्दल हक्क घ्यावा, हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. त्याला कोणी सनद दिलेली असो वा नसो, रयत तो हक्क मुकाट्याने देई, कारण न दिल्यास काय होते हेही तिला ठाऊक असे. नाईकाची सत्ता वसे ती गढीत. मराठवाड्यातील गढी ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे की, ती डोंगरी किल्ल्यासारखी दुरून भय दाखवणारी वास्तू नव्हे. गावाच्या उंचवट्यावर, पांढऱ्या मातीच्या दहा-दहा हात रुंद भिंती, चार कोपऱ्यांना बुरूज, एकच दरवाजा आणि तोही सागाच्या जाड फळ्यांचा, लोखंडी खिळ्यांनी मढवलेला. आत एक आड, धान्याची पेवे आणि बळदे, जनावरांचा गोठा, आणि वरती माळवद. दगडी तटाला तोफेचा गोळा लागला म्हणजे चिरे निखळून ढासळतात. या मातीच्या तटात मात्र तोच गोळा रुतून बसतो आणि भिंत आहे तशीच उभी राहते. म्हणूनच दक्षिणेत लढलेल्या युरोपी तोफखान्याला मातीच्या गढ्यांनी कित्येकदा आठवड्यांवर आठवडे खोळंबून ठेवले. याच टापूतील नाव्ह्याचे ठाणे हे या जातीच्या बंदोबस्तातील एक मोठे ठाणे होते. तेथे केवळ गावकऱ्यांच्या नव्हे, तर कसलेल्या शिबंदीच्या बळावर लढाई देण्याची सिद्धता होती.

नोवसाजी नाईक या ठाण्याचा धनी. मराठवाड्याच्या काही लेखकांनी त्याला हंसाजी असेही म्हटले आहे. त्याचे बालपण, त्याचे शिक्षण, त्याच्या घरातील माणसे यांविषयी विश्वासाने लिहावे असे काही आमच्यापर्यंत आलेले नाही. इतिहासाच्या उजेडात तो येतो तो एकदम भरल्या तारुण्यात वा प्रौढपणी, हाती फौज आणि पाठीशी किल्ला घेऊन. परंतु तो कशामुळे उठला, हे समजून घेण्यास तत्कालीन परिस्थिती पुरेशी बोलकी आहे.

1803 साली देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडातील अंमल संपला आणि तो मुलूख निजामाच्या पदरात पडला. त्याच वर्षी सिकंदरजाह निजामाच्या गादीवर आला. हैदराबादचा कारभार 1808 पासून प्रत्यक्षात राजा चंदुलाल या पेशकाराच्या हाती होता, आणि त्या कारभाराचा पाया होता इजारा. परगणा जो अधिक रक्कम बोलेल त्याच्या हवाली करावयाचा, त्याने ती रक्कम आगाऊ सावकाराकडून उचलावयाची, आणि मग सावकाराचे व्याज, दरबारचा नजराणा आणि स्वतःचा नफा हे सारे एकाच रयतेच्या पाठीवर लादावयाचे, अशी ही पद्धत. पुढच्या वर्षी कोणी चार पैसे अधिक बोलला की इजारदार बदले, म्हणून कोणताही इजारदार पुढच्या वर्षाचा विचार करीत नसे. रयत गाव सोडून डोंगरात पळे. आणि डोंगरात पळालेल्या रयतेला आश्रय कोण देणार, तर नाईक. अशा रीतीने ज्याला दरबार बंडखोर म्हणे, त्याच्याकडे गावे ओढली जात. चंदुलालने हे ओळखले नव्हते असे नाही. पण बंडाचे मूळ कारण दूर करण्यापेक्षा बंड मोडण्यासाठी फौज उभारणे त्याला सुलभ वाटले, आणि दुर्दैवाने इंग्रज रेसिडेंटलाही नेमके तेच हवे होते.

हेन्री रसेल हा 1811 पासून 1820 पर्यंत हैदराबादेस रेसिडेंट होता. निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली, कंपनीच्या पद्धतीने कवायत केलेली एक फौज त्याने उभारली. तिलाच रसेल ब्रिगेड असे नाव पडले आणि पुढे तिचाच विस्तार होऊन हैदराबाद कंटिंजंट झाली. डिसेंबर 1817 मध्ये महिदपूरच्या लढाईत ही ब्रिगेड लढली. 1818 च्या एप्रिलात पांढरकवड्याजवळ शिवणी येथे बाजीराव पेशव्याच्या फौजेचा कर्नल ॲडम्सने पराभव केला, जूनच्या आरंभी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला, आणि शाळेच्या पुस्तकात मराठेशाहीचा इतिहास येथेच पूर्णविराम पावतो. आमच्या भागात मात्र लढाई संपलेली नव्हती. त्याच वर्षी बीडच्या बाजूला धर्माजी प्रतापराव याचे बंड सदरलँड या इंग्रज अधिकाऱ्याने मोडले. मालेगावच्या किल्ल्यात अरबांनी महिनाभर इंग्रजांना दाद दिली नाही. आणि नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना आश्रय दिल्याच्या संशयावरून वेढलेला असीरगड पडण्यास 1819 चा एप्रिल उजाडला. हे सारे निरनिराळे उठाव एका सूत्रात गुंफलेले होते असे आमचे म्हणणे नाही. पण मोडलेल्या राज्यांचे बेकार शिपाई सगळीकडे धनी शोधीत फिरत होते, आणि त्यांतील अरब शिपाई तटाआडून लढण्यात अद्वितीय मानले जात. नोवसाजी नाईकाने अशाच अरबांची शिबंदी नाव्ह्यात ठेवली होती. गॅझेटियरात व कंटिंजंटच्या इतिहासात तिचे वर्णन आहे.

मेजर पिटमन हा निजामाच्या वऱ्हाडातील पायदळाचा अनुभवी अधिकारी. नागपूरच्या 1817 च्या लढाईतही तो होता. त्याच्या हाताखाली फौज देऊन नाईकाचे पारिपत्य करण्याचा हुकूम झाला. नाईकाने प्रथम तटाचा आश्रय घेतला नाही. त्याने उमरखेडपुढे मोकळ्या मैदानात लढाई दिली, ही गोष्ट त्याच्या स्वभावावर प्रकाश टाकणारी आहे; लुटारूचा हेतू लूट घेऊन निसटण्याचा असतो, कवायती फौजेसमोर उघड्यावर उभे राहण्यात त्याला काहीच लाभ नसतो. त्या लढाईत त्याला मागे हटावे लागले आणि तो नाव्ह्यास परतला. 8 जानेवारी 1819 रोजी वेढा पडला.

पुढचे तेवीस दिवस नाव्ह्यात काय घडले असेल, हे त्या काळच्या वेढ्याची रीत ज्याला ठाऊक आहे त्याला डोळ्यांपुढे आणता येते. प्रथम तोफांच्या माऱ्याच्या टप्प्याबाहेर छावणी पडते, मग रात्रीच्या वेळी मजूर आणि शिपाई कुदळ-फावडी घेऊन पहिला चर खणतात, खणलेली माती किल्ल्याच्या बाजूला टाकून तिचाच आडोसा करतात, आणि असे नागमोडी चर खणत मोर्चे दररोज काही हात पुढे सरकतात. आतले शिबंदीवाले दिवसा जेजालांच्या आणि बंदुकांच्या गोळ्या टाकतात, रात्री तलवारी उपसून मोर्च्यांवर छापे घालतात, खणलेले चर बुजवतात, आणि पहाटेपूर्वी परत येतात. दरवाजा बंद म्हणून आडाचे पाणी मोजून घ्यावे लागते. पेवांतली ज्वारी असते, पण दळणारे हात जखमी होत जातात. जानेवारीतली पैनगंगेच्या खोऱ्यातली थंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना तटावर उघड्यावर काढलेल्या त्या रात्रींची कल्पना सहज येईल. बाहेरच्यांनाही हे काम सोपे गेले नाही. त्यांचीही मोठी हानी झाल्याचे त्यांच्याच इतिहासकारांनी कबूल केले आहे. अखेर तटाला भगदाड पडले आणि 31 जानेवारी 1819 रोजी सुलतानढवा होऊन नाव्हा पडला. शिबंदीतील फार मोठा भाग तेथेच कापला गेला. नोवसाजी नाईकाला कैद करून हैदराबादेस नेण्यात आले आणि तेथे त्याचा अंत झाला. हटकरांचा प्रतिकार त्यानंतर पुन्हा त्या प्रमाणावर उभा राहिला नाही.

विजयी पक्षाने या दिवसाची आठवण मोठ्या काळजीने जपली. त्या वेढ्यात लढलेल्या पलटणींना आपल्या निशाणावर नाव्हा हे नाव रणसन्मान म्हणून धारण करण्याचा मान मिळाला, आणि 1903 साली कंटिंजंट हिंदुस्थानच्या फौजेत विलीन झाल्यानंतरही रसेलच्या पायदळ पलटणींनी तो अभिमानाने मिरवला. म्हणजे ज्या गावाचे नाव जिल्ह्याच्या नकाशावर शोधून काढावे लागते, ते रेशमी निशाणावर जरीच्या अक्षरांत कित्येक दशके फडकत होते. पण ज्याने ते गाव लढवले त्याचे नाव तेथे नव्हते.

याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला अशाच एका सरहद्दीवर काय चालले होते, हे पाहिले म्हणजे या विस्मृतीचे कारण अधिक स्पष्ट होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गोऱ्या वसाहतवाल्यांचे लोंढे पश्चिमेच्या अरण्यात शिरत होते, आणि त्या हद्दीवरचे शिकारी, वाटाडे व लढवय्ये हे त्या नव्या राष्ट्राचे लोकनायक बनत होते. केंटकीच्या वाटा खुल्या करणारा डॅनियल बून हा त्यांतला आद्य. नाव्हा पडला त्याच्या पुढच्याच वर्षी, 1820 च्या सप्टेंबरात, तो वृद्धापकाळाने वारला. पण बून हयात असताना, तो पन्नाशीचा होण्याच्या सुमारास, 1784 मध्ये जॉन फिल्सन याने केंटकीवर पुस्तक लिहून त्यात बूनची साहसे जणू त्याच्याच तोंडून वदवली होती. ते पुस्तक युरोपातही गेले, आणि जंगलातला एक कर्जबाजारी शिकारी जगविख्यात झाला.

डेव्ही क्रॉकेटची गोष्ट तर याहून उद्बोधक आहे. तो 1786 साली टेनेसीच्या डोंगराळ भागात जन्मला. अँड्र्यू जॅक्सनच्या फौजेतून क्रीक इंडियनांविरुद्ध लढला. पुढे लोकांनी त्याला अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून दिले. तेथे त्याने एक असे कृत्य केले की ज्याबद्दल त्याला खरा मान दिला पाहिजे: इंडियन जमातींना त्यांच्या भूमीवरून हुसकावून पश्चिमेस नेण्याचा जो कायदा 1830 मध्ये जॅक्सनने आणला, त्याला त्याने आपल्या पक्षाचा रोष पत्करून विरोध केला. 1834 मध्ये त्याचे आत्मचरित्र निघाले. त्याआधीच, 1831 मध्ये, त्याच्यावर बेतलेले पात्र न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले होते. 1835 पासून त्याच्या नावाची पंचांगवजा वार्षिके निघू लागली आणि त्यांत तो अस्वलांशी कुस्ती करतो, विजेवर स्वार होतो, असल्या अचाट कथा छापल्या जाऊ लागल्या. निवडणुकीत हरल्यावर तो टेक्ससला गेला, आणि 6 मार्च 1836 रोजी अलामोच्या गढीवर मेक्सिकोच्या सेनापतीने चढाई केली तेव्हा आतल्या सुमारे दोनशे माणसांबरोबर तो मारला गेला. तो लढता लढता पडला की पकडून ठार केला गेला, यावर विद्वानांचा वाद अजून चालू आहे. पण 1954-55 मध्ये दूरचित्रवाणीवर त्याच्या कथा दाखवल्या गेल्या तेव्हा अमेरिकेतील मुले त्याच्यासारख्या रॅकूनच्या कातड्याच्या टोप्या घालून हिंडू लागली, त्यांना या वादाशी काही कर्तव्य नव्हते.

अलामोचा वेढा तेरा दिवसांचा, नाव्ह्याचा तेवीस दिवसांचा. दोन्हीकडे थोड्या माणसांनी मोठ्या फौजेला तोंड दिले, दोन्हीकडे शेवट तलवारीने झाला. एकाची कथा शंभराहून अधिक वर्षांनंतरही बालकांच्या खेळात जिवंत राहिली, दुसऱ्याची कथा त्याच्याच जिल्ह्यातल्या शाळेत सांगितली जात नाही. शौर्यात कमीजास्तपणा असल्यामुळे असे झाले, असे कोणी म्हणणार नाही. क्रॉकेटच्या बाजूला छापखाना होता, वाचणारा मध्यम वर्ग होता, आणि मुख्य म्हणजे त्याच्या मरणानंतर सातच आठवड्यांत त्याच्या पक्षाने युद्ध जिंकले. हरलेल्या लढाईतील वीराला जिंकलेल्या युद्धाने उजाळा दिला. नोवसाजीच्या बाजूला यांतले काहीच नव्हते. 1819 मध्ये मराठी मुद्रण मुंबईत जेमतेम अंग धरीत होते; पहिले मराठी वृत्तपत्र दर्पण निघायला 1832 उजाडले; आणि निजामाच्या राज्यात तर त्याहीनंतर कित्येक वर्षे मराठी माणसाला आपल्या भाषेत शिकण्याचीही पुरती सोय नव्हती. पुण्या-मुंबईच्या इतिहाससंशोधकांनी पेशवे दप्तराचे जे अपार कष्टाचे काम केले, त्याबद्दल आपण त्यांचे सदैव ऋणी आहोत. पण त्यांची दृष्टी स्वाभाविकच पुणे दरबाराशी संबंध असलेल्या सरदारांवर होती. हटकर नाईक कोणाच्याच सरंजामी यादीत बसत नव्हता. दरबाराला तो बंडखोर, कंपनीला लुटारू, पेशवाईच्या अभ्यासकाला परका. सरहद्दीवर जो उभा राहिला, त्याला कोणत्याच राज्याच्या बखरीत जागा मिळाली नाही.

म्हणून त्याला निष्कलंक देवपुरुष बनवावे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. नाईकांच्या रखवालीत जुलूम नव्हता, असे मानणे भाबडेपणाचे होईल. अरब शिबंदीचा पगार शेवटी कोणत्यातरी गावच्या खळ्यातूनच निघत होता. अमेरिकेने आपल्या सरहद्दीच्या वीरांना डोक्यावर घेतले, त्या वेळी ज्यांची भूमी त्या वीरांनी घेतली त्या क्रीक, चेरोकी आदी जमातींचे अश्रू तिने फार उशिरा मोजले, ही चूक आपण करू नये. नोवसाजीची खरी थोरवी निष्पापपणात नाही. पराभव निश्चित दिसत असताना, मोठमोठे सरदार आणि खुद्द पेशवा तनखा घेऊन मोकळे झाले असताना, त्याने आपल्या मातीच्या तटामागून एका साम्राज्याच्या तोफखान्याला तेवीस दिवस थांबवून धरले, यात ती आहे. आणि आमच्या मते मराठवाड्यातील इंग्रजी सत्तेविरुद्धच्या लढ्यांत या प्रसंगाला अग्रस्थान दिले पाहिजे.

त्या विजयाची किंमत निजामालाही पुढे मोजावी लागली, हा भाग फारसा कोणी ध्यानात घेत नाही. हिंगोली हे कंटिंजंटचे महत्त्वाचे ठाणे होऊन बसले आणि ती फौज 1903 पर्यंत तेथे राहिली. तिचा खर्च वर्षाला सुमारे चाळीस लाख रुपयांपर्यंत जाई. तो भागवण्यासाठी काढलेले कर्ज फुगत गेले, आणि अखेर 1853 च्या तहाने वऱ्हाडचा सारा मुलूख त्या खर्चापोटी कंपनीच्या हवाली करावा लागला. जी फौज आपल्या नाईकांना दाबण्यासाठी पोसली, तिच्याच पगारापोटी दौलतीचा सर्वांत सुपीक सुभा गेला. त्या तहाने पैनगंगा ही पुन्हा एकदा दोन राज्यांची हद्द झाली. आणि जवळपास शंभर वर्षांनी, रझाकारांच्या दिवसांत, निजामाविरुद्ध लढणारे मराठवाड्यातले तरुण विदर्भाच्या हद्दीवरील छावण्यांत आश्रयाला गेले ते हीच नदी ओलांडून. 1948 च्या सप्टेंबरात ती दोन सत्तांमधली सरहद्द उरली नाही.

आता जे उरले आहे तेही झपाट्याने नाहीसे होत आहे. गढ्यांची पांढरी माती माळवदावर टाकण्यास उत्तम. दर उन्हाळ्यात, मृगापूर्वी, गावोगावचे लोक टोपल्या घेऊन पडक्या गढीवर जात आणि बुरूज कुदळीने खणून माती नेत. घरावर पांढरी नाही तर पाऊस आत येतो, हे त्यांना ठाऊक होते. त्यात त्यांचा काही अपराध नाही. पण अशा रीतीने शेकडो गढ्या पिढ्यान्‌पिढ्या घरांच्या छपरांवर चढून, पावसाने वाहून, शेतात मिसळून गेल्या आहेत, आणि तोफांनी जे साधले नाही ते टोपल्यांनी साधले आहे. लेखी अवशेषांची स्थिती याहून बिकट आहे. देशमुख-देशपांड्यांच्या घरच्या रुमालांत बांधलेली मोडी कागदपत्रे वाळवी खात आहे. इजाऱ्याच्या कैफियती, रखवालीच्या हक्काच्या याद्या, परगण्याची जमाबंदी यांत नाईकांचा उल्लेख असण्याचा संभव फार आहे, पण मोडी वाचणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. मेंढरांमागे हिंडणाऱ्या वृद्ध हटकरांच्या तोंडी असलेली कुळांची नावे, बिरोबाच्या आणि खंडोबाच्या ओव्यांतून येणारे जुने पुरुष, गावोगावच्या समाध्यांविषयी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी, यांची नोंद कोणत्याही शासकीय दप्तरात नाही.

परभणी, हिंगोली आणि नांदेड या तिन्ही जिल्ह्यांतील शिक्षकांना, ग्रंथालयांना आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, त्यांनी हे काम दुसऱ्या कोणावर न सोडता आपल्या गावापासून सुरू करावे. घरातील मोडी कागद रद्दीत देण्यापूर्वी जाणकाराला दाखवावेत. वृद्धांकडून ऐकलेले शब्द जसेच्या तसे, सांगणाराचे गाव व तारीख घालून, वहीत उतरवावेत. गढी पडली असली तरी तिचे मोजमाप व नकाशा करून ठेवावा. येत्या 31 जानेवारीस नाव्ह्यात जाऊन हार घालणारे पुष्कळ निघोत, पण त्यांतील एकाने तरी वही-पेन्सिल घेऊन जावे.